जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी व्हायचं असेल तर: अर्हता, अर्ज, मुलाखत आणि नेमणूक

फौजेतून बाहेर पडणारे अधिकारी मला फोन करतात तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: ‘आर्मी हेडक्वार्टरमध्ये कुणाला भेटायचं?’ उत्तर असं की कुणालाच नाही. जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी, म्हणजे जिल्ह्यातल्या माजी सैनिकांची आणि त्यांच्या कुटुंबांची कामं बघणारा अधिकारी, हे राज्य शासनाचं पद आहे. जाहिरात राज्यात निघते, निवड राज्यात होते आणि नेमणुकीचा आदेशही मंत्रालयातून निघतो. हे उशिरा कळल्यामुळे चांगल्या चांगल्या माणसांच्या जाहिराती हातच्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत. मी शॉर्ट सर्व्हिस कमिशन (ठरावीक वर्षांच्या करारावरची अधिकारी सेवा) पूर्ण करून या वाटेनं आलो, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतो आहे.

हा लेख महाराष्ट्रापुरता आहे. गोव्यात आणि कर्नाटकात सैनिक कल्याणाची खाती वेगळी आहेत, त्यांचे सेवाप्रवेश नियमही वेगळे. बेळगाव, निपाणीकडच्या मित्रांनी आपल्या राज्याची जाहिरातच बघावी.

## १. हे पद नेमकं कुणाचं, ते आधी समजून घ्या

दिल्लीत केंद्रीय सैनिक बोर्ड आहे. ते संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाखाली येतं आणि संरक्षणमंत्री त्याचे अध्यक्ष असतात. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये सुरू झालेल्या बोर्डाची ही आजची आवृत्ती. राज्यात सैनिक कल्याण विभाग आहे. त्याचं संचालनालय पुण्यात घोरपडीला, राष्ट्रीय युद्ध स्मारकासमोर ‘रायगड’ इमारतीत आहे. हा विभाग मंत्रालयातल्या सामान्य प्रशासन विभागाच्या अखत्यारीत येतो. त्याखाली जिल्ह्याजिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय.

जिल्ह्यात जिल्हा सैनिक मंडळही असतं. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आणि आपण, म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी, सचिव. म्हणजे तुमचे साहेब दोन: पुण्याचे संचालक आणि जिल्ह्याचे कलेक्टर. कामाचा खर्च केंद्र आणि राज्य मिळून उचलतात. केंद्राचा वाटा आपल्यासारख्या राज्यांसाठी ६० टक्के आहे. पण तुमची सेवा, रजा, बदली, गोपनीय अहवाल हे सगळं राज्याच्या नियमांनी चालतं.

इथे एक गोष्ट मनात पक्की करा. या खुर्चीत हुकूम चालत नाही. रेकॉर्ड ऑफिस (सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं फौजेचं कार्यालय) तुमचं ऐकायला बांधील नाही, बँक नाही, तहसीलदारही नाही. तुमच्या हाती एक पत्र, एक फोन आणि पुन्हा पुन्हा पाठपुरावा करण्याची चिकाटी एवढंच असतं. ज्यांना हे पटत नाही त्यांनी अर्ज करू नये असं मी मनापासून सांगतो, कारण त्याचा त्रास शेवटी दारात आलेल्या म्हाताऱ्या वीरपत्नीला होतो.

## २. कागदावर तुम्ही ‘माजी सैनिक’ आहात का?

वर्दी घातली होती म्हणजे आपण माजी सैनिक झालो, असं सगळे धरून चालतात. नियमाचं तसं नाही. केंद्राच्या १९७९ च्या नियमांत माजी सैनिकाची व्याख्या दिलेली आहे आणि ती वेळोवेळी बदलत आली आहे. ढोबळमानानं सांगायचं तर पेन्शनवर निवृत्त झालेले, सेवेमुळे आलेल्या वैद्यकीय कारणावरून बाहेर पडलेले आणि ठरलेला करार पूर्ण करून ग्रॅच्युइटीवर बाहेर पडलेले असे लोक त्यात येतात. शॉर्ट सर्व्हिसवाले याच शेवटच्या गटात मोडतात.

करार अर्धवट सोडून, पेन्शनशिवाय, स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडलेला अधिकारी मात्र यात बसत नाही. म्हणून तुमच्या रिलीज ऑर्डरवर बाहेर पडण्याचं कारण काय शब्दांत लिहिलं आहे ते आजच काढून वाचा. ‘कराराची मुदत पूर्ण’ आणि ‘स्वतःच्या विनंतीवरून’ या दोन नोंदींत पात्र आणि अपात्र एवढं अंतर आहे.

त्यानंतर लगेच महासैनिक पोर्टलवर नोंदणी करून आपल्या कायमच्या रहिवासाच्या जिल्ह्यातून माजी सैनिक ओळखपत्र काढा. अधिकारी लोक हे टाळतात, ‘कॅन्टीन कार्ड आहे की’ म्हणतात. कॅन्टीन कार्ड आणि माजी सैनिक ओळखपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

## ३. अर्हता: जाहिरातीचा शब्द अन् शब्द वाचा

पद गट-अ चं, राजपत्रित. सरळसेवेनं भरायचं असेल तर जाहिरात महाराष्ट्र लोकसेवा आयोगाकडून येते. ती वाचताना या गोष्टी पेन्सिलनं खूण करून तपासा.

हुद्दा. कमिशन्ड अधिकाऱ्याचा कोणता हुद्दा चालेल आणि तिन्ही दलांतले समकक्ष हुद्दे कोणते, हे जाहिरातीत दिलेलं असतं. आर्मीचा मेजर म्हणजे नौदलाचा लेफ्टनंट कमांडर आणि हवाई दलाचा स्क्वॉड्रन लीडर. ‘कॅप्टन’ हा शब्द मात्र जपून वाचा. नौदलाचा कॅप्टन आर्मीच्या कर्नलच्या बरोबरीचा, आर्मीचा कॅप्टन त्याच्या बराच खाली. मानद कमिशन मिळालेल्या सुभेदार मेजर साहेबांनीही ‘कमिशन्ड’ची व्याख्या जाहिरातीत नीट बघावी आणि शंका असेल तर आयोगाला लेखी विचारावं.

पदवी. एनडीएतून गेलेल्यांची पदवी जेएनयूची असते. पण कित्येकांकडे फक्त गुणपत्रक किंवा उत्तीर्ण झाल्याचा दाखला असतो, पदवी प्रमाणपत्र कधी घेतलेलंच नसतं. ते मागवायला वेळ लागतो, म्हणून जाहिरातीची वाट पाहत बसू नका.

मराठी. लिहिता-वाचता-बोलता आलं पाहिजे, आणि ते कागदावर दाखवताही आलं पाहिजे. दहावीला मराठी विषय असेल तर गुणपत्रक जपून ठेवा. केंद्रीय विद्यालयातून किंवा परराज्यातून शिकलेल्या आपल्याच मराठी मुलांना इथे अडचण येते. घरी मराठी बोलतात, पण शाळेत विषय नव्हता. अशांना नेमणुकीनंतर एतदर्थ मंडळाची मराठी भाषा परीक्षा मुदतीत द्यावी लागते. ती राहिली तर वेतनवाढ अडते.

वय. इथे थोडं गणित करा. राज्य शासनात निवृत्तीचं सर्वसाधारण वय ५८. पर्मनंट कमिशनचा लेफ्टनंट कर्नल किंवा कर्नल ५४ व्या वर्षी बाहेर पडतो. जाहिरात, निवड आणि आदेश यांत वेळ गेला तर हाती दोन-तीन वर्षंच उरतात. शॉर्ट सर्व्हिसवरून दहा किंवा चौदा वर्षांनी सुटलेला अधिकारी तिशीत असतो, त्याला हे पूर्ण कारकीर्द म्हणून करता येतं. माझं मत विचाराल तर जिल्ह्याला दोघांचाही उपयोग आहे, पण जिल्हा ओळखायलाच वर्ष जातं, म्हणून तरुणांनी या पदाकडे जास्त गांभीर्यानं बघावं.

लहान कुटुंब. परराज्यात नोकरी केलेल्यांना हा नियम बहुधा माहीतच नसतो. महाराष्ट्रात २००५ पासून शासकीय नोकरीसाठी लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. २८ मार्च २००६ नंतर झालेल्या अपत्यामुळे हयात मुलांची संख्या दोनच्या वर जात असेल तर उमेदवार अपात्र ठरतो. सेनापदक असलं म्हणून यात सवलत मिळत नाही. अर्ज भरण्याआधी घरात बसून हे तपासा.

आणखी एक गैरसमज. राज्यात माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण ते गट-क आणि गट-ड साठी. इथे तो मुद्दा नाही. हे पदच माजी सैनिक अधिकाऱ्यांसाठी आहे, स्पर्धा आपापसातच. सामाजिक प्रवर्गाचं आरक्षण मात्र जाहिरातीत असू शकतं, ते वेगळं बघा.

## ४. कागदपत्रांची फाईल आधी, अर्ज नंतर

ही यादी छापून भिंतीला लावा:

- दहावी, बारावी, पदवी: गुणपत्रकं आणि प्रमाणपत्रं, मूळ प्रतींसह
- रिलीज किंवा निवृत्तीचा आदेश, सेवेचा तपशील, हुद्द्याच्या तारखा
- पेन्शन असेल तर पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवरची ताजी प्रत
- माजी सैनिक ओळखपत्र
- अधिवास प्रमाणपत्र
- लागू असल्यास जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमिलेअर
- संगणक अर्हतेचं प्रमाणपत्र, एमएस-सीआयटी किंवा शासनानं मान्य केलेलं समकक्ष
- नावात बदल असेल तर राजपत्र
- आधार, पॅन, फोटो, सहीचा नमुना

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नावाचा. दहावीला ‘आडनाव, नाव, वडिलांचं नाव’, कमिशन मिळालं तेव्हा इंग्रजीत फक्त ‘नाव आडनाव’, आधारवर तिसरंच. महिला अधिकाऱ्यांचं लग्नानंतर आडनाव बदललेलं असेल तर चौथं. आयोगाच्या प्रोफाईलमध्ये दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे नाव भरा आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. राजपत्रात नाव प्रसिद्ध करणं सोपं आहे, ऑनलाईन होतं.

अधिवास प्रमाणपत्राकडेही वेळेवर बघा. फौजीच्या पोराचा जन्म अंबाल्याचा, शाळा तेजपूर, भटिंडा, विशाखापट्टणमची, गाव मात्र खटाव तालुक्यातलं. सेतू केंद्रातला कर्मचारी महाराष्ट्रातल्या वास्तव्याचे पुरावे मागतो आणि आपण त्याला बदल्यांचे आदेश दाखवत बसतो. गावच्या घराचा उतारा, वडिलांचा शाळेचा दाखला, वडिलांचं डिस्चार्ज बुक, ज्यात घरचा पत्ता असतो, असं सगळं बरोबर न्या.

## ५. अर्ज भरणं

आयोगाच्या संकेतस्थळावर खातं आजच तयार करा. प्रोफाईल भरून ठेवली की जाहिरात आल्यावर फक्त दावे तपासायचे राहतात. अर्जात केलेला दावा आणि हातातलं प्रमाणपत्र यांच्या तारखा जुळल्या पाहिजेत. ‘अर्ज स्वीकारण्याचा शेवटचा दिनांक’ हा जवळजवळ प्रत्येक अर्हतेचा मापदंड असतो, त्यानंतर मिळालेला कागद चालत नाही.

अनुभवाच्या रकान्यात फौजी भाषा लिहू नका. ‘अ‍ॅडज्युटंट होतो’ एवढ्यावर थांबलात तर छाननी करणाऱ्याला काही बोध होत नाही. किती माणसांचं प्रशासन पाहिलं, कोणते हिशेब सांभाळले, कल्याणाची आणि पेन्शनची कोणती प्रकरणं हाताळली, ते साध्या शब्दांत लिहा. युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या सेवेच्या आणि कुटुंबाच्या नोंदींचे आदेश), कौटुंबिक भत्ता, अपघाताचे अहवाल, कोर्ट ऑफ इन्क्वायरी यांपैकी काही केलं असेल तर आवर्जून लिहा. उद्याचं काम त्याच कागदांशी आहे.

अजून सेवेत असाल तर ना-हरकत प्रमाणपत्र लागेल आणि सुटण्याची तारीख लेखी दाखवावी लागेल. अर्जांची संख्या जास्त असेल तर आयोग चाळणी परीक्षा घेतो किंवा निकष वाढवून मुलाखतीला मोजक्यांना बोलावतो. दोन्हीची तयारी ठेवा.

## ६. मुलाखतीआधी एखाद्या कार्यालयात जाऊन बसा

मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी पायरी हीच, आणि ती कुठल्याच जाहिरातीत नसते. आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा, अधिकाऱ्यांची परवानगी घ्या आणि बाहेरच्या बाकावर दोन-चार दिवस बसून नुसतं बघा. साताऱ्यात किंवा कोल्हापुरात बसलात तर उत्तम. अपशिंगे मिलिटरी आणि सैनिक टाकळीसारखी गावं याच दोन जिल्ह्यांतली, तिथे घराघरात डिस्चार्ज बुक सापडतं.

एक प्रकरण कसं चालतं ते सांगतो. सत्तरी ओलांडलेली बाई नातवाला घेऊन येते. नवरा नायक होता, पेन्शनवर होता, वारला. कौटुंबिक पेन्शन सुरू होत नाही. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक निघतं. त्यात पत्नीचं नाव एक, आधारवर दुसरं. कारण लग्नात सासरी नाव बदललं आणि भरतीनंतर नवऱ्यानं रेकॉर्डला माहेरचं नाव लिहून दिलं. जन्मतारीख कुठेच नाही, फक्त ‘वय अंदाजे १८’. पीपीओवर बाईंचं नाव चढलेलंच नाही. बँक म्हणते रेकॉर्डला लिहा. रेकॉर्ड म्हणतं दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं शपथपत्र आणि महसूल अधिकाऱ्याचा दाखला आणा. तलाठी म्हणतो आमच्याकडे सातबाऱ्यावर तिसरंच नाव आहे.

हे सोडवायचं कसं? आधी मृत्यूचा दाखला आणि डिस्चार्ज बुकातली नोंद ताडून बघायची. मग दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, पोलीस पाटील किंवा सरपंचांचा दाखला, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव असेल तर त्याची प्रत. हे सगळं कार्यालयाच्या पत्रासोबत संबंधित रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचं. मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिकरोडला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, नौसैनिकांचं मुंबईत मानखुर्दला, हवाई दलाचं दिल्लीत. तिथून नोंद दुरुस्त झाली की सुधारित पीपीओ निघतो आणि मग स्पर्शवर ओळख पटवून पेन्शन सुरू होते. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी फोन करत राहिलं नाही तर फाईल तिथेच थांबते. तो फोन करणं हेच या पदाचं काम आहे.

दोन-चार दिवसांत असली अर्धा डझन प्रकरणं दिसतील. मुलाखतीत ‘तुम्ही काय करणार?’ असं विचारलं की मग पाठांतराची गरज राहत नाही.

## ७. मुलाखत

मंडळ सौजन्यानं वागतं. लढाईच्या गोष्टी ऐकायला त्यांना आवडतात, पण गुण त्यावर मिळत नाहीत. एवढं नक्की तयार असू द्या:

- केंद्रीय सैनिक बोर्डाच्या मदत योजना. ६५ वर्षांवरच्या, पेन्शन नसलेल्या, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला मिळणारं अनुदान १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी महिना ४,००० वरून ८,००० रुपये झालं आहे. मुलांच्या शिक्षणाचं अनुदान दरमहा १,००० वरून २,००० आणि मुलीच्या लग्नासाठीचं ५०,००० वरून १,००,००० रुपये. जुने आकडे सांगणारे उमेदवार तिथेच उघडे पडतात.
- पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना: मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये, देशभरात वर्षाला ५,५०० जणांना.
- समान हुद्दा समान पेन्शन: १ जुलै २०१४ पासून लागू, दर पाच वर्षांनी फेरआढावा.
- ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना), स्पर्श, दिव्यांगता पेन्शनची मूलभूत माहिती आणि साधी, विशेष आणि उदारीकृत कौटुंबिक पेन्शन यांतला फरक.
- राज्याच्या सवलती. २०२० ची बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना, म्हणजे मालमत्ता करातली सवलत, वसतिगृहं, वीरपत्नी आणि वीरमाता-पित्यांसाठीच्या तरतुदी.
- सशस्त्र सेना ध्वजदिन: ७ डिसेंबर, १९४९ पासून. निधी कसा जमतो आणि कशावर खर्च होतो.
- मुलांसाठी काय: छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था, नाशिकरोडचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र, जिथे एसएसबीची, म्हणजे फौजेतल्या अधिकारी निवडीच्या मुलाखतीची, तयारी करून घेतात.

अग्निवीरांबद्दल स्वतःचं काहीतरी ठरवून जा. २०२२ च्या योजनेच्या अटींनुसार चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा, पेन्शन किंवा ईसीएचएस मिळत नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ च्या सुरुवातीला भरतात. ती पोरं सगळ्यात आधी याच कार्यालयाच्या दारात येणार आहेत. नियमानं त्यांच्यासाठी फारसं काही करता येत नसलं तरी त्यांना योग्य ठिकाणी पाठवणारा कुणीतरी जिल्ह्यात असला पाहिजे, असं मला वाटतं. तुमचं मत वेगळं असू शकतं, पण मत असू द्या.

## ८. शिफारस झाली, पुढे?

यादीत नाव आलं की लोक पेढे वाटतात आणि दुसऱ्या आठवड्यात रुजू व्हायचं म्हणून सामान बांधतात. थांबा. आयोग फक्त शिफारस करतो, नेमणूक शासन करतं. मधे मूळ कागदपत्रांची तपासणी, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य आणि पूर्वचारित्र्य पडताळणी असते. पोलीस पडताळणीत मागच्या सगळ्या पत्त्यांची माहिती लागते. छावणीतले पत्ते युनिटच्या नावानं न देता स्टेशनच्या नावानं आणि तारखांसह द्या, नाहीतर संबंधित पोलीस ठाण्यातून ‘पत्ता सापडत नाही’ असा शेरा येतो आणि फाईल परत फिरते.

मगच सामान्य प्रशासन विभागाचा आदेश निघतो, त्यात जिल्हा दिलेला असतो. पसंती विचारली तरी मिळेलच असं नाही. अनेकदा एका अधिकाऱ्याकडे शेजारच्या जिल्ह्याचा अतिरिक्त कार्यभारही असतो, त्याची मनाची तयारी ठेवा. आदेश हाती येईपर्यंत असलेली खासगी नोकरी सोडू नका.

सुरुवात परिविक्षाधीन म्हणून होते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात. मत्ता-दायित्वाचं विवरण द्यायचं, घरचा धंदा असेल तर त्यातून कागदोपत्री बाजूला व्हायचं, माजी सैनिकांच्या संघटनेत पदावर असाल तर ते सोडायचं. हे शेवटचं काहींना जड जातं, पण तुमच्याकडे सगळ्याच संघटना येणार आहेत, तुम्ही एकीचे असून चालणार नाही.

## ९. पगार आणि पेन्शन: इथे फसू नका

शॉर्ट सर्व्हिसवाल्यांचं सोपं आहे. पेन्शन नसते, नव्या नोकरदारासारखी वेतननिश्चिती होते आणि पुढची निवृत्तिवेतन व्यवस्था राज्याच्या चालू नियमांप्रमाणे लागू होते.

पेन्शनधारक अधिकाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, पुनर्नियुक्तीवर वेतन ठरवताना पेन्शन विचारात घेतली जाते. पगाराचा आकडा मनात धरण्याआधी लेखा शाखेत बसून हिशेब समजून घ्या. दोन, कमिशन्ड अधिकारी म्हणून निवृत्त होऊन शासकीय नोकरीत पुन्हा लागलात तर त्या काळात पेन्शनवरची महागाई सवलत मिळत नाही. नोकरी लागल्याचं पेन्शन देणाऱ्याला लगेच कळवलं नाही तर जास्तीची रक्कम जमा होत राहते आणि काही वर्षांनी एकदम वसुली निघते. रुजू झाल्याच्या आठवड्यातच लेखी कळवून पोच घ्या.

## १०. जेसीओ (सुभेदार वगैरे) आणि जवानांसाठी वाट

अधिकारी नसाल तरी या कामात यायची वाट आहे. कल्याण संघटक, वसतिगृह अधीक्षक, वसतिगृह अधीक्षिका, लिपिक ही गट-क पदं सैनिक कल्याण विभाग स्वतः जाहिरात काढून भरतो. २०२४ मध्ये अशी भरती निघाली होती, त्यात सर्वांत जास्त जागा कल्याण संघटकाच्या होत्या. हुद्दा, शिक्षण आणि वयाच्या अटी पदागणिक वेगळ्या असतात, म्हणून एकाच अर्हतेवर सगळीकडे अर्ज टाकू नका.

माझ्या मते कल्याण संघटक हा या कार्यालयाचा कणा आहे. तोच तालुक्याला फिरतो, मेळावे घेतो, कुणाचं घर पडलं, कोण अंथरुणाला खिळलं हे त्यालाच आधी कळतं. पंधरा-वीस वर्षं कंपनीत जवानांची सुखदुःखं सांभाळलेल्या सुभेदार साहेबांइतका योग्य माणूस या कामाला सापडणार नाही. साहेब, तुम्ही अर्ज करा. मराठीत टिप्पणी लिहिण्याचा आणि संगणकावर अर्ज भरण्याचा सराव मात्र आधी करून ठेवा, बाकी सगळं तुम्हाला येतंच.

## ११. रुजू झाल्यावर आधी काय बघाल

कार्यभार घेताना सहीची घाई करू नका. हे समोर ठेवून मोजून घ्या:

- रोख पुस्तक आणि सर्व बँक खात्यांची शिल्लक, पासबुकाशी ताडून
- ध्वजदिन निधीची पावती पुस्तकं: वापरलेली, कोरी आणि वाटपात गेलेली, क्रमांकांसह
- वसतिगृह आणि विश्रामगृहाची जडसंग्रह (टिकाऊ सामानाची) नोंदवही
- केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पोर्टलवर आपल्या स्तरावर पडून असलेले अर्ज
- माहिती अधिकाराचे आणि लोकसेवा हक्क अधिनियमाखालचे मुदतीतले अर्ज
- न्यायालयीन प्रकरणं
- जिल्ह्यातल्या वीरपत्नी, वीरमाता आणि वीरपित्यांची यादी, ताज्या फोन क्रमांकांसह

पोर्टलवरच्या अर्जांना आधी हात घाला. अर्जदार ऑनलाईन भरतो, आपण मूळ कागद बघून शिफारस करतो, तो पुण्याला जातो आणि तिथून दिल्लीला. आपल्या टेबलावर तो अडला तर वरच्या दोन्ही ठिकाणी त्याचं अस्तित्वच नसतं. वीरपत्नींच्या यादीतल्या प्रत्येकीला पहिल्या महिन्यात स्वतः फोन करा, लिपिकाकडून नको. यादीतले निम्मे क्रमांक बदललेले निघतील. ते कल्याण संघटकाकडून गावात जाऊन दुरुस्त करून घ्या, कारण २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या निमंत्रणापासून तातडीच्या मदतीपर्यंत सगळं त्याच यादीवरून चालतं.